केवळरामभाऊंचं सैन्य आणि एक कोंबडी

लढाईआधी केवळरामभाऊ आम्हा सातही जणांना रांगेत उभं करून कपडे तपासत. लढाई मोबाइलवरच्या खेळातली, कपडेही तिथलेच. तरी त्यांची नजर टोपापासून जोड्यांपर्यंत फिरायचीच. "थांबा, मांगं कोण आहे? कमरपट्ट्याले सोनेरी काठ काहून? आपण गरीब राज्याचे सैनिक आहो!" असं हेडफोनमधून ऐकू आलं की भंडाऱ्यातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात बसल्या बसल्या मी मुकाट्यानं पट्टा बदलायचो.

खेळाबाहेर ते साकोली तालुक्यातल्या एकोडीचे. झाडीपट्टीतल्या नाटकांना ते ड्रेपरी पुरवायचे, म्हणजे राजापासून फौजदारापर्यंत सगळ्यांचे कपडे भाड्यानं द्यायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाटेवर पडून कंटाळले आणि या खेळात शिरले, ते सेनापती होऊनच बसले. त्यांचं एक वाक्य ठरलेलं : "राजाच्या पायात स्लिपर दिसली का राज्य गेलं समजा."

आमच्यात वर्षा होती, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. आठ दिवस तयारी करून आम्ही ड्रॅगनच्या गुहेशी पोचलो, त्या दुपारी ती कोंबडी होऊन आली. पिवळी, गुबगुबीत, माणसाएवढी कोंबडी. हातात तलवार.

"सिस्टर, हे काय होय?" भाऊ म्हणाले.

"चिलखत तेच आहे भाऊ. वरून फक्त कोंबडी दिसते. ताकद तेवढीच."

"म्हंजे आतून वीर अन् वरून कोंबडी? उलटं असतं तं समजलो असतो! ड्रॅगनले काय वाटन?"

"ड्रॅगनले काही वाटत नाही."

"मले वाटते ना!"

ड्रॅगन गुहेबाहेर तासभरच असतो. तो आला, इकडेतिकडे फिरला आणि तास संपल्यावर परत आत गेला. वाद चालूच होता. शेवटी वर्षा तिघांना घेऊन फुटून निघाली. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला तेव्हाही इतकं कडू बोलणं झालं नसेल.

त्या हिवाळ्यात आंबागडला नाटक होतं. टेम्पोवाल्यानं राजाच्या कपड्यांची पेटी चुकून दुसऱ्याच गावी उतरवली. पडदा उघडायची वेळ झाली आणि हाताशी उरला फक्त ट्रॅफिक पोलिसाचा ड्रेस. राजानं तोच घातला. दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. आवाज बसलेला.

"राजा ट्रॅफिक पोलिसाच्या ड्रेसात मेला. शिट्टी गळ्यात तशीच."

"लोक हसले असतील."

"रडले ना! बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या. मंग मी तीस वर्षं कायले इस्त्री करत बसलो, सांगा बरं?"

समोर गिऱ्हाईक दूध तापवायचा गंज मागत उभं होतं, त्याला मी कढई दिली.

चार दिवसांनी भाऊंनी वर्षाला परत बोलावलं. ती कोंबडी होऊनच आली. भाऊंनी एवढंच विचारलं, "सिस्टर, कोंबडीच काहून?"

"ड्युटीवर मले पाहून लेकरं रडतात भाऊ. सुईवाली आली म्हणतात. इथं मले पाहून सारे हसतात."

भाऊंनी कोंबडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "शेपूट वाकडी आहे तुई. अन् पाय जांभळे कायले? कोंबडी व्हायचं तं धड कोंबडी हो."

पुढचे दोन दिवस ते तिच्या मागे लागले. घरच्या कोंबडीचे फोटो पाठवले. तुऱ्याचा लाल रंग मनासारखा येईपर्यंत बदलायला लावला. फुटलेले तिघेही परतले आणि आम्ही पुन्हा गुहेशी गेलो : सात काळी चिलखतं, मध्ये एक कोंबडी.

ड्रॅगननं पहिल्याच फुंकरीत सात जणांना लोळवलं. भाऊ सगळ्यात आधी पडले. कोंबडी तेवढी वाचली, आणि तलवार उगारून त्या धुडापुढे एकटी उभी राहिली.

"कोणी बोलू नका," मेलेले भाऊ हेडफोनमधून हळूच म्हणाले. "पाहा, काय दिसून राहिली!"

ती अर्धं मिनिट टिकली. मग तीही पडली, आणि मला टाळ्या ऐकू आल्या. एकोडीत खाटेवर बसून भाऊ एकटेच टाळ्या वाजवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. एकोडीला मी वर्षाला पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. ड्युटीवरून तशीच आली होती. माणसं त्यांना उचलायला वाकली तेव्हा ती म्हणाली, "एक मिनिट थांबा." आणि खाली बसून तिनं भाऊंच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.