चुलीकडची वाटी

सखू आन मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे दात घासणं. तोंडातले न्हाई, वाटीतले!

दोघांच्याबी तोंडात एक दात उरला न्हवता. तिच्या हिरड्या सुजून सुजून दात हलले आन पडले. माझे तंबाखूनं खाल्ले. भिंगारच्या डॉक्टरानं दोघांना कवळ्या करून दिल्या. जेवणं झाली की त्या घासून पाण्यात ठेवायच्या. तिची वाटी चुलीकडं, माझी खिडकीकडं.

त्या दिवशी तिनं घासल्या, मी वाट्यांत ठेवल्या.

"आवं, कुठली कुणाची बघून ठेवा."

"मला काय कळत न्हाई व्हय?"

"आन मी मेले तर कवळी घालूनच न्या. चारचौघांत बोळक्या तोंडानं जायची न्हाई मी!"

"झोप गुमान."

(हे आमचं शेवटचं बोलणं. गोड न्हाई, पण खरं हाय.)

सकाळी ती उठलीच न्हाई.

घर माणसांनी भरलं. माझ्या डोक्यात एकच, कवळी! लेक मंगल रडत म्हणाली, "आबा, आईची कुठली?"

"चुलीकडची!" मी छातीठोक सांगितलं.

कवळी बसवली आन सखू हसायलाच लागली! ओठ मिटंनात. बाया म्हणाल्या, "किती समाधानानं गेली बाई!" मला नवल वाटलं. लग्नातसुदिक ती माझ्याकडं बघून एवढी हसली न्हवती.

मसनवाट्यात तोंडात पाणी सोडायला वाकलो, तर पुढच्या दाताचा टवका उडालेला! तो मीच उडवला हुता, सुपारी फोडताना. (डॉक्टर नको म्हणला हुता.)

"थांबा! ते दात माझे हायेत!"

मेव्हण्यानं खांद्यावर हात ठेवला. "दाजी, आता कसलं तुमचं-आमचं? सगळं हितंच राह्यचं असतं."

"आरं हितं कुठं राहतंय? चाललेत की माझे दात!"

"आबाला सावलीत न्या रे!" कोणतरी म्हणालं. दोघांनी मला धरलं, माझ्या पोरानं अग्नी दिला.

दिवसभर मी कवळी घातलीच न्हवती. रडायला दात कशाला लागत्यात! शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, तवा खिडकीकडच्या वाटीतली तोंडात घातली. बसंना. मग पोराला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग लई रडला.

"आबा, भिंगारला जाऊ. नवी करू."

"बघू," म्हणलं, आन भाकरी पिठल्यात कुस्करली. सखू माझे दात घालून मिरवत गेली, बोळका राह्यलो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कवळी तिच्याच ब्रशनं घासली, ताजं पाणी घातलं, वाटी चुलीकडं ठेवली. घरात आता एकच कवळी. चुकायला दुसरी न्हाईच. तरी मी येडा दोनदा वाकून बघत हुतो, बरोबर वाटीत ठेवली ना!