थोरल्यांचे बूट

टाकेमामांचं बूटदुरुस्तीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तिच्यामागे वीतभर सिमेंटचं अंगण. टाका असा घालायचे की बूट फाटेल, पण टाका उसवणार नाही. म्हणून अख्खी गल्ली त्यांना टाकेमामा म्हणायची. रागावली की बायकोसुद्धा तेच म्हणायची, एरवी नुसतं "अहो". माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा सच्चा. दुरुस्त केलेला बूट स्वतः पायात घालून चार पावलं चालल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, ही त्यांची खोड. त्या खोडीनंच घात केला.

गल्लीच्या टोकाला 'सोबत' नावाच्या पंथाचं सभागृह होतं. पंथ काही जुनापुराणा नव्हे, कालपरवाचा. तो काढणाऱ्या गृहस्थांना सगळे 'थोरले' म्हणत. पूर्वी ते शाळेत भूगोल शिकवायचे. मग काय वाटलं कोण जाणे, उजवा पाय ओढत दारोदार फिरायला लागले आणि दुःखात असलेल्या माणसाजवळ नुसते बसून राहायला लागले. चांगला माणूस होता, कशाला खोटं बोला. त्यांचे तपकिरी बूट वर्षानुवर्षं मामांकडेच यायचे. उजव्या बुटाचं टोक आधी झिजायचं, मग डाव्या टाचेची बाहेरची कड.

थोरले वारले. पण 'सोबत'वाल्यांपुढे वारले म्हणायची सोय नव्हती. "फिरायला गेलेत" म्हणायचं. त्यांचे बूट काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं आणि त्याआधी नवे तळ लावायला ते मामांकडे आले. मामांनी तळ लावले आणि सवयीनं, मनात दुसरं काहीही नसताना, बूट चढवून अंगणात फेऱ्या मारल्या. माप अगदी त्यांच्याच पायाचं निघालं.

सभेत पेटी उघडली, बूट उलटे करून दाखवले, तर नव्याकोऱ्या तळांवर ओरखडे! एक बाई ओरडली, "चालतायत! थोरले अजून चालतायत!" आणि सगळं सभागृह रडायला लागलं. मागच्या बाकावर बसलेल्या मामांनी आपल्या फेऱ्यांचे ओरखडे ओळखले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण रडणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत त्यांची बायको होती, आणि तिला इतकं सुखानं रडताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंथाचे कारभारी दुकानात आले. गोड बोलणारा माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"मामा, आता दर महिन्याला तळ बदलू. जुन्याचे तुकडे करून भक्तांना देऊ."

"पेटीतल्या बुटाचा तळ झिजेल कसा, साहेब?"

"झिजेल. तुम्ही आहात ना," कारभारी हसून म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती उघडली, तर वहिनींना किती लागेल, विचार करा." जाताना त्यांनी दुकानाचं दार बाहेरून अलगद ओढून घेतलं. मामांना ते आवडलं नाही.

झालं, सुरू झाली चाकरी. कारभारी बूट पेटीतून काढून गुपचूप दुकानात पोचवायचे. भर दुपारी गल्ली पेंगत असताना मामा थोरल्यांचे बूट घालून अंगणात फिरायचे. खोटं करायचं तर तेही नीट करावं, हा कारागिराचा हट्ट! तळ थोरल्यांसारखा झिजावा म्हणून उजवा पाय ओढायचे, डाव्या टाचेवर भार टाकायचे. कधीकधी बूट काढले तरी चाल तशीच राहायची. मग ते पायाला शिवी हासडायचे आणि कामाला बसायचे.

अशात बायकोच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आत्ता कापली तर बाई वाचेल. उशीर केलात तर माझ्या हातात काही नाही." सोमवारी भरती व्हायचं ठरलं. बायकोनं मान हलवली, घरी आली आणि थोरल्यांच्या तळाचा तुकडा पोलक्यात गाठीवर ठेवला.

"ज्यांना मरण थांबवू शकलं नाही, ते माझी एवढीशी गाठ थांबवणार नाहीत?" ती म्हणाली. "मी नाही कापून घेणार."

तो तुकडा मामांनीच झिजवलेला होता. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला चालेल, हा तर तिच्या छातीवर पडला होता. रविवारी ती मटार सोलत बसली होती, तेव्हा ते समोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. अंगण, दुपारच्या फेऱ्या, कारभारी, सगळं. "मी चालतो गं. मी, मी! थोरले गेले, मातीत गेले. फेक तो तुकडा आणि उद्या चल माझ्याबरोबर."

ती रडली नाही, चिडली नाही. तिनं हातातली शेंग सोलून पुरी केली.

"तुम्ही सांगायची वाटच बघत होते," ती हळूच म्हणाली. "कधीपासून तुमचा उजवा पाय ओढतोय. चपला घातल्यात तरी ओढतोय. मी कारभाऱ्यांना मागेच सांगितलंय."

"काय सांगितलंस?"

ती नुसती हसली.

सोमवारी सकाळी मामांनी दवाखान्याची पिशवी उचलली आणि दार उघडलं. गल्लीत मावेल तेवढी माणसं उभी होती, चिडीचूप. सगळ्यांच्या नजरा खाली, मामांच्या पायांवर. कारभारी पुढे झाले आणि त्यांनी पिशवी हातातून काढून घेतली. "आता कुठं जायचं नाही," ते प्रेमानं म्हणाले. "सभागृहात तुमची खोली तयार आहे. पेटी रिकामी केलीय."

"अहो, मी टाकेमामा! बूट शिवतो मी! सोडा, बायकोला दवाखान्यात न्यायचंय!" मामा ओरडले. कुणी हललं नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, चालूनच दाखवावं. सरळ, ठणठणीत, दोन्ही पाय उचलून, स्वतःच्या चालीनं.

त्यांनी पाऊल टाकलं. उजवा पाय जमिनीवरून घासत आला.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. मामांनी पुन्हा पाऊल उचललं, दात-ओठ खाऊन उचललं, पुन्हा तेच. स्वतःची चाल कशी होती, ते काही केल्या आठवेना. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती, एक हात छातीवरच्या तुकड्यावर. आता तरी ही "अहो" म्हणेल, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती वाकली, त्यांच्या उजव्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "थोरले, मला बरं करा."