कोणता पाय?

गावंडे सर पी.टी. शिकवत आणि त्यांच्या तासाला पाय मुरगळायची साथ येत असे. मुलगा लंगडत आला की सर त्याच्याकडे न बघताच विचारायचे, "कोणता पाय?" ज्याचा खरोखर मुरगळलेला असे, तो प्रश्न संपायच्या आत सांगे. बाकीच्यांना क्षणभर विचार करावा लागे. तेवढा क्षण सरांना पुरायचा. "इचार करा लागला म्हंजे पाय बरा आहे. मार ग्राउंडले चक्कर!" पिंट्या नावाचा एक पोट्टा सोमवारी डाव्या पायाने लंगडायचा आणि गुरुवारी उजव्या. त्याच्याविषयी सर स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगत, "त्याच्या पायाले टाइमटेबल पाठ आहे."

नेरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो. सरांची माझी खुर्ची शेजारी, त्यामुळे त्यांच्या दोन गोष्टी माझ्या लवकर लक्षात आल्या. मे महिन्यातही त्यांच्या पायांत मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट असत, आणि उभे राहिले की हात पाठीमागे. मुले 'विश्राम'मध्ये उभी राहतात तसे, पण सरांचा विश्राम दिवसभर चाले. हस्तांदोलन नाही, टाळी नाही. शिक्षणाधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी हात पुढे केला, तेव्हा सरांनी त्यांना खाडकन सलाम ठोकला. साहेब इतके सुखावले की शाळेचा शेरा चांगला आला. यालाच शिस्त म्हणतात, असे आम्ही सगळे समजत होतो.

खरे कारण मला निवडणुकीच्या ड्युटीवर कळले. मारेगावकडच्या एका गावात आम्ही मतदान केंद्रावर होतो. संध्याकाळी हातपाय धुताना सरांनी मला थांबवले. "या इकडे. पाहून घ्या एकदा, म्हंजे चोरून पाहा लागणार नाही." त्यांनी मोजे काढले. तळव्यांची कातडी जाड, लालसर झालेली आणि तिच्यावर जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पांढरे पापुद्रे. टाचांच्या भेगांच्या कडेला रक्त सुकलेले. मग त्यांनी हात पुढे केले. तळहातही तसेच. नखांवर कोणी सुई टोचून ठेवावी तसे बारीक खड्डे.

"सोरायसिस," सर म्हणाले. "यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, हा कोणाले लागत नाही, आन् तुम्हाले सोडत नाही. मंदानं घरी आयकलं त म्हने, म्हंजे तुमच्यासारखाच."

मंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, थट्टा करीत, पण रोज रात्री मलम लावून त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायचे काम त्याच करीत. थंडीत भेगा इतक्या उलत की सर शिट्टी दोन बोटांच्या टोकांनी धरत आणि पायऱ्या आडव्या पावलांनी उतरत. बोटांचे सांधेही कधीमधी सुजायचे. कोणी कडुनिंब सुचवला, कोणी एका महाराजांचा लेप. लेपाने सर महिनाभर चालू शकले नाहीत. महाराजांनी ती गेल्या जन्मीची बाकी आहे असे सांगितले. सर म्हणाले, "गेल्या जन्मीचं माहीत नाही बावा. ह्या जन्मी त तुमच्याच लेपानं झालं."

लोकांना सांगून का टाकत नाही, असे मी एकदा विचारले. "पोट्टे माह्या हातचा चेंडू घेनार नाहीत," ते म्हणाले. "अन् मले पोरगी आहे."

ती पोरगी प्रणाली. यवतमाळला बँकेत लागली आणि सर निवृत्त झाल्यावर वर्षभरात तिचे लग्न ठरले. मुलगा इंजिनिअर. त्याचे वडील मानकरसाहेब. कापसाच्या जिनिंगचा कारखाना आणि छापील फोटोत कायम नमस्काराच्या पवित्र्यात. पत्रिका जुळली होती, पुढल्या रविवारी साखरपुडा, म्हणजे आमच्याकडचे साक्षगंध, होते. सरांच्या पायांविषयी मानकरांना काही ठाऊक नव्हते. वहिनींचे म्हणणे, हा रोग कधी कधी रक्तात उतरतो हे मोबाइलवर कोणालाही सापडते. मग लग्न आधी होऊ द्यावे. सरांना ते पटत नव्हते, पण ते गप्प बसले होते.

आणि नेमका त्याच आठवड्यात माजी विद्यार्थी मेळावा आला. पूर्वी अशा मेळाव्यात शाल आणि नारळ देऊन शिक्षकांना सोडत. या मुलांनी कुठलीशी रील पाहिली होती. माझ्यासकट सगळ्या निवृत्त गुरुजनांचे पाद्यपूजन करायचे ठरले. चांदीचे ताट, गुलाबाच्या पाकळ्या, वरून ड्रोन. आणि पाय धुणार कोण, तर कार्यक्रमाचे प्रायोजक व प्रमुख पाहुणे, मानकरसाहेब.

सर आदल्या दिवशी माझ्याकडे आले. हात पाठीमागेच. "नाई गेलो त घमेंडी. गेलो त साक्षगंध गेलं. मंदा म्हने, पट्टी बांधा."

दुसऱ्या दिवशी ते उजव्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळून आले. डाव्या पायात बूट. मुरगळला म्हणायचे आणि खाली प्रेक्षकांत बसायचे, असा वहिनींचा बेत होता. पण आमच्या लोकांना आदर करायला एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही. पाय दुखावलाय कळताच चौघांनी सरांना खुर्चीसकट उचलले आणि टाळ्यांच्या गजरात व्यासपीठावर नेऊन ठेवले. माझ्या शेजारीच.

मानकरसाहेब मुख्याध्यापकांपासून सुरू झाले. ताट सरकायचे, पाणी पडायचे, पाकळ्या, फोटो, पुढची खुर्ची. माझे पाय धुताना त्यांचे लक्ष कॅमेऱ्याकडे होते. पाणी बाजूला काढून ठेवलेल्या मोज्यावर पडले. सरांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली पहिल्या रांगेत वहिनी पदराचे टोक पिळत होत्या. प्रणाली त्यांच्याजवळ ताठ बसलेली.

ताट सरांपुढे आले. साहेब मांडी घालून बसले आणि हसून म्हणाले, "व्याहीबुवा, हा दुखरा राहू द्या. त्या पायाचा बूट काढा, तोच धुतो."

सरांनी यावर काही बोलायच्या आत सभागृहाच्या मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, कोणता पाय?"

पिंट्याच होता. आता त्याचे बसस्टँडवर मोबाइलचे दुकान आहे. सगळे सभागृह खो खो हसले. मानकरही हसले. सर हसले नाहीत. पट्टी सगळ्यांना दिसत होती, उत्तर सोपे होते. पण सर विचार करू लागले. हसणे हळूहळू ओसरले तरी ते विचारच करीत होते. त्या क्षणाचा अर्थ काय होतो, हे तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनीच शिकवले होते.

"दोन्ही," सर म्हणाले.

मग त्यांनी पट्टी सोडली. बूट काढला, मोजा काढला. मानकरसाहेबांचा तांब्या हवेतच राहिला. मागे कोणीतरी 'महारोग' म्हणाले, हलक्या आवाजात, पण माइक चालू असल्यासारखे ते सगळीकडे पोहोचले. सरांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि उताणे धरले.

"महारोग नाही. सोरायसिस आहे. कोणाले लागत नाही. पंधरा ऑगस्टले तुमच्या खिशाले झेंडे मी ह्याच हातानं लावले, लागला का कोणाले?" मग साहेबांकडे वळून, "मुरगळला म्हून खोटं सांगतलं. आधीच सांगाले पाह्यजे होतं. पाणी टाकाचं असन त टाका, साहेब. जरासं झोंबते, बाकी काही नाही."

साहेबांनी तांब्या ताटात ठेवला आणि रुमालाने हात पुसले. हाताला काही लागले नव्हते.

पिंट्या शाळेत असताना कधी पळाला नाही. त्या दिवशी खुर्च्यांमधून पळत आला, तांब्या उचलला आणि पाणी ओतले. मग टॉवेल घेऊन जोरात घासायला लागला. "रगडू नको बे," सर ओरडले, "टिपून घे!" एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज मैदानावरचा होता.

जेवणाच्या वेळी मानकरांनी सरांना बाजूला घेतले. मी जवळच होतो, ताट घेऊन.

"मुलीलाही आहे का?"

"आज नाही. उद्याचं माह्या पायाचं मले सांगता आलं नाही, तिचं काय सांगू?"

"बरोबर आहे. कळवतो," म्हणून साहेब गाडीत बसले.

ते चार-पाच दिवस वाईट गेले. वहिनी सरांशी बोलत नव्हत्या, मलम मात्र लावत होत्या. सरांच्या भेगा वाढल्या. काळजीने हे दुखणे चेवते, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना फोन आला. सरांनी स्पीकर लावला. कानाला धरायला बोटे वळत नव्हती.

"काय आहे सर, आमच्या गुरुजींनी पत्रिका पुन्हा पाहिली," मानकर म्हणाले. "एक ग्रह आडवा येतोय."

सर म्हणाले, "कोणता ग्रह?"

पलीकडे शांतता. कुठेतरी पंखा फिरत असल्याचा आवाज. मग "विचारून सांगतो", आणि फोन बंद.

वहिनी आत निघून गेल्या. सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि ते आपल्या तळहातांकडे बघत बसले. "माह्यापाई झालं," ते प्रणालीला म्हणाले.

तिचे डोळे भरले होते. तिने मलमाची ट्यूब उघडली, बापाचा पाय मांडीवर घेतला आणि ती म्हणाली, "बाबा, त्यांच्या ग्रहाले काही झालं नाही. ग्राउंडले चक्कर मारा म्हनाचं ना."

सर हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग ती म्हणाली, "हं, दुसरा पाय द्या."