एकच हात कसा दमला?

बाजारात तिला सगळे भोंगाबाई म्हणत. भाजी विकताना तिची हाक पार बसथांब्यापर्यंत पोचायची. कुणी नाक मुरडलं की ती म्हणे, "माल माझा, गळाही माझा. तुमचं काय जातंय?"

तिची पहिली मुलगी जन्मली तीच चांगली गुटगुटीत. डोकं बाहेर आलं, पण खांदा आत अडकला आणि डॉक्टरांची धावपळ उडाली. मायलेकी सुखरूप सुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपटं बदलताना मात्र भोंगाबाईला काहीतरी वेगळंच दिसलं. पोरगी रडताना डावा हात झाडत होती. उजवा अंगाला चिकटून पडला होता, कोपर ताठ, पंजा मागे वळलेला.

"दमली असेल गं," सासूबाई म्हणाल्या. "केवढी वाट काढून आलीय."

"दोन्ही हात एकाच वाटेनं आलेत ना, आई? मग एकच कसा दमला?"

नर्स म्हणाली, डॉक्टर फेरीला येतील तेव्हा सांगा. भोंगाबाईनं तिथूनच अशी हाक दिली की डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी बाळाचं डोकं तळव्यावर घेऊन अलगद, जरासंच खाली सोडलं. बाळ दचकलं. डावा हात झटकन उघडला, उजवा जागचा हलला नाही. त्याच उजव्या हाताच्या बोटांनी मात्र बाळानं डॉक्टरांचं बोट घट्ट धरलं.

"हे चांगलं लक्षण आहे," त्या म्हणाल्या. खांद्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. "मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्यात. बहुतेक बाळांचा हात सुधारतो, पण नुसती वाट बघत बसायचं नाही. आधी थोडे दिवस आराम, मग हलका व्यायाम. काखेत धरून उचलायचं नाही. तीन महिन्यांत कोपर वाकवलं नाही, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

"माझं काही चुकलं का?" भोंगाबाईनं विचारलं, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

डॉक्टरांनी ते ऐकलं. "तुमचं काही चुकलेलं नाही."

घरी आल्यावर नणंद एका हाड बसवणाऱ्याला घेऊन आली. "एक झटका, की हात जागेवर," तो बाह्या सरसावत म्हणाला.

बाळाला छातीशी धरून भोंगाबाई उठली. "हात जागेवरच आहे. नस दुखावलीय. झटका देऊन ती तुटायची!"

"मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!" नणंद कडाडली. "पोर जन्मभर लुळी राहिली तर तोंड कुठे लपवशील?"

"का लपवू, ताई? तोंडावर तर धंदा चालतो माझा!"

तिचा नवरा तोवर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं त्या माणसाची पिशवी उचलली. "चला, तुम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडतो."

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं तसं भोंगाबाई हात हळूच उचलायची, वळवायची, कोपर दुमडायची. घरी पलंगावर, बाजारात टोपल्यांच्या मागे. झबलं घालताना दुखरा हात आधी. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं. जो 'लुळी' म्हणेल त्याला ती भाजीच देईना.

तीन महिने भरत आले, आणि कोपर वाकलं ते सासूबाईंच्या मांडीवर. पोरीनं उजव्या हातानं त्यांचा चष्मा ओढून खाली पाडला. "अगं, ओढला! मेलीनं ओढला!" करत सासूबाई घरभर नाचल्या, फुटक्या काचेसकट.

खांदा मात्र पुरता सुटला नाही. हात कानाच्या वर जाईना. कदाचित एवढाच राहील, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्या रात्री भोंगाबाई रडली, आणि सकाळी तिनं पुन्हा व्यायाम घेतला.

पुढे शाळेत खेळाच्या सरांनी पोरीला बाकावर बसवून ठेवलं, तेव्हा भोंगाबाई तरातरा मैदानावर निघाली. पोरीनं तिचा हात धरला. "आई, तू थांब. हात माझा आहे, मी बोलते."

ती सरांपुढे उभी राहिली. "सर, डाव्या हातानं मी फेकते. उजव्यानं अडवते. आणखी काय लागतं?"

सरांनी तिला मैदानाच्या कडेला चेंडू अडवायला उभं केलं. पहिला चेंडू निसटला. दुसरा तिनं उजव्या हातानं पोटाशी दाबला आणि कुणाकडेही न बघता परत फेकला.