एक कोरं बोट

"सोलापुरात कसली आलीय थंडी?" असं कुणी हसत हसत म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या गावाची कीर्ती उन्हाची, ते खरं. पण ज्याने पौषातल्या पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून सूत पिळलेलं नाही, त्याने थंडीबद्दल तोंड उघडू नये.

आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. पुरुष मागावर बसत, आणि मी व माझी थोरली जाऊ रंगाच्या कारखान्यात जात असू. जावेला मी अक्का म्हणे. सुताच्या लडी निळीच्या पिंपात बुडवायच्या आणि मग विहिरीजवळच्या उघड्या हौदात धुऊन, पिळून काठ्यांवर टाकायच्या, हे आमचं काम. वाळायला दिवसभराचं ऊन मिळावं म्हणून धुणं पहाटेच उरकायचं, असा मुकादमाचा हुकूम होता. तो स्वतः मात्र कांबळं पांघरून, कानाला मफलर गुंडाळून काठावर उभा असे.

दुपारी अक्का घरी ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, बसे. तुटलेला धागा ती डोळ्यांनी शोधतच नसे. नुसती बोटं फिरवी, आणि अशी गाठ मारी की कापडात ती कुणाला सापडू नये. गल्लीत कुणाचाही ताणा बिघडला की अक्कालाच बोलावणं येई. सासऱ्यांचा जीव सुनेवर नव्हता, पण सुनेच्या बोटांवर नक्की होता.

त्या पहाटे वारा सुटला होता. अक्का मला म्हणाली, "बोटं माझी वाटेनात गं." मीच तिला मुकादमाकडे नेलं, म्हटलं थंडीने हिची बोटं निळी पडलीत. त्याने कांबळ्यातून हातही बाहेर काढला नाही.

"निळी पडल्यात म्हनं! निळीत हात घालनारी बाई काय पिवळी पडंल व्हय? रंग हाय त्यो. चला, लडी उचला."

यावर सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आमचे हात कोपरापर्यंत बारा महिने निळे, नखं निळी, लग्नाच्या पंगतीतही तेच हात. दुसऱ्या कुणाची बोटं निळी पडली असती तर घर गोळा झालं असतं. आमच्या बोटांवर रंगाच्या निळ्याखाली थंडीचा निळा चढला, तो कुणाला दिसणार?

थोड्या वेळाने अक्काचं कुडकुडणं थांबलं. मला बरं वाटलं, म्हटलं अंगात ऊब आली असेल. मग तिच्या हातून दोनदा लड चिखलात पडली. काही विचारलं तर जीभ जड झाल्यासारखं बोलायला लागली. मुकादम ओरडला तो चिखलात पडलेल्या लडीसाठी! "जा, भट्टीवर शेकून या पटकन," म्हणाला.

मी तिला पाणी तापवायच्या भट्टीकडे नेलं. तिचे तळवे विटांना टेकेनात, म्हणून मीच तिची दोन्ही मनगटं धरून ते टेकवले. "कमी झालं का?" मी विचारलं. "काहीच लागत नाही," ती म्हणाली. म्हणून मी आणखी दाबून धरले. हे लिहिताना मला माझीच चीड येते.

कारखान्याचा राखणदार लंगडत धावत आला आणि त्याने मला अक्षरशः ढकललं. तो नातेपुत्याकडचा, विलायतेतल्या मोठ्या लढाईवरून परत आलेला. "सोड! सोड आदी! तिला लागंना म्हनूनच भाजतंय की!" तोवर अक्काच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं भाजून त्यांचं कातडं सुटलं होतं.

त्याने आम्हाला वाऱ्याआड भिंतीशी बसवलं, आपलं घोंगडं दिलं आणि पाठ फिरवली. "वलं लुगडं काढ तिचं. घोंगडं गुंडाळ. पानी कोमट कर. तुजं हात गारठल्यात, तुला कळायचं न्हाय, कोपर बुडवून बग." एवढ्यात मुकादम आला आणि तेल लावून चोळा म्हणाला. "चोळायचं न्हाय!" राखणदार त्याच्यावर खेकसला, "हाय ते कातडंबी जाईल." मग मला म्हणाला, "नीट गिळती का बग, मग गुळाचं गरम पानी दे." भाजलेल्या बोटांना त्याने स्वच्छ फडकं सैल गुंडाळलं.

अक्का शुद्धीत बोलायला लागल्यावर त्याने आपला बूट काढून दाखवला. दोन बोटं नव्हती. "बर्फानं न्हाईत गेली. बर्फानं नुसती बधिर झाली. मीच शेकोटीवर धरली, तवा गेली. हितं बर्फ न्हाय, पन वलं अंग आन् वारं पुरतंय. रंगावर जाऊ नगा. थरथर थांबली, जीभ जडावली, हातातलं पडाया लागलं, की पान्यातून भाईर काढायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी पिंपात हात घालण्याआधी डाव्या करंगळीला मेण फासून चिंधी बांधू लागले. धुताना चिंधी सोडायची. जुना निळा उतरला की एक बोट कोरं, थंडीचा रंग वाचायला. बाकीच्या बायकांनीही तसंच केलं. मुकादम म्हणाला, "नऊच बोटांनी काम करनार व्हय?" मी करंगळी त्याच्या नाकासमोर धरली. "हे दहावं तुमचं. रोज पहाटे बघायचं, आणि फिकं किंवा निळं पडलं की आम्हाला बाहेर काढायचं." त्याने कधी बघितलं नाही. आम्हीच एकमेकींची बघत असू आणि त्याला न विचारता बाहेर पडत असू.

अक्काची बोटं भरून आली, पण त्या दोन टोकांना पुन्हा काही कळलं नाही. गल्लीतून बोलावणी बंद झाली. कुणी विचारलं तर ती सांगे, "भट्टीनं भाजलं." हात कुणी धरले होते ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही. मलाही कधी एका शब्दाने बोलली नाही, याचा मला मुकादमाच्या वागण्यापेक्षाही जास्त राग येतो. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

घरच्या ताण्यावर मात्र ती बसतच राहिली. धागा जोडायची आणि मला विचारायची, "बसली का गं गाठ?"

मी हो म्हणे. ती उठून गेली की तिची गाठ सोडून पुन्हा मारत असे.