वांग्याला फुटलेला दात

जावयानं सासरी मुसळ उचलू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं!

यावलजवळ सासऱ्यांची केळीची बाग आहे. हिवाळ्यात तिथं भरीत पार्टी होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायची. मी पिंप्राळ्याचा मास्तर. (मिक्सरचं बटण दाबणं, एवढीच माझी मर्दुमकी.) बायको म्हणाली, "तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही जमायचं." झालं! मी मुसळ उचललं. दोन-चार घाव झकास बसले. पुढच्या घावाला मुसळ भांड्याच्या काठावर आपटून उसळलं आणि त्याचं वरचं टोक खालून थेट माझ्या तोंडात! जीभ फिरवून पाहिली, तर समोरच्या दाताच्या जागी काहीच नाही.

मेहुण्यानं यावलच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पक्का दात आहे, पुन्हा उगवायचा नाही. पण तासाभरात आणलात तर बसवता येईल. मुळाला हात लावू नका, घासू नका, धुऊ नका. दुधात टाका आणि निघा!"

चाळिशीत खिंडार! उद्या वर्गातली पोरं काय नाव ठेवतील, या विचारानं मला चक्क रडू फुटलं.

"पडला कुठी, जावाईबापू?" सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी विचारलं.

"भरतात!" मी रुमालातून ओरडलो.

तोवर पंगत बसली होती. भरीत वाढून झालं होतं, काहींचं चाखूनही झालं होतं.

"कोनी गिळू नोका!" नाना गरजले. "तोंड उघडा बठ्ठे!"

सूर्य बुडाला होता. केळीत धुकं उतरत होतं. वारा नव्हता, तरी आत कुठंतरी एकच पान फडफडत होतं. त्या अर्धवट उजेडात सगळं सासर 'आ' वासून रांगेत बसलं होतं आणि मी मोबाइलचा टॉर्च घेऊन एकेकाच्या घशात डोकावत होतो. कुणाची पापणी हलेना. शेवटी एक म्हाताऱ्या आत्याबाई होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच सांगितलं, "इथी पह्यले मसन होतं, बापू. इथून काही नेऊ नोको."

मी मनगट सोडवून घेतलं. त्या झटक्यात टॉर्च चुलीमागच्या सालींच्या ढिगावर गेला, आणि वांग्याचं एक साल माझ्याकडं बघून हसलं. काळंठिक्कर तोंड आणि त्यात एकच दात!

बायको किंचाळली. पंगत दोन हात मागं सरकली. मी मात्र देवाचं नाव घेतलं, मुळाला न शिवता तो उचलला आणि चहासाठी आणलेल्या दुधात सोडला.

मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी पेला छातीशी धरला होता. आत सारखं टक्‌ टक्‌ वाजत होतं. (दात आहे, वाजणारच! पण रस्त्यात खड्डा नसतानाही वाजत होतं.)

डॉक्टरांनी चिमट्यानं दात उचलून दिव्याखाली धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

"ते मी कसं सांगू? ही दाढ आहे. जुनी. बरीच वर्षं मातीत असावी."

मेहुणा दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मीही वळलो. डॉक्टरांनी मला खुर्चीत ढकललं आणि हिरडीवर बोट दाबलं. मी केकाटलो.

"अहो, तुमचा दात पडलेलाच नाही! मार खालून बसला ना, म्हणून तो वर हिरडीत घुसलाय. ओढून जागेवर आणू. वाचेल."

मी तसाच नानांना फोन लावला. तिकडं अजून कुणी घास गिळला नव्हता.

"नाना, दात सापडला."

"कोनाच्या तोंडात?"

मागं सगळं सासर श्वास रोखून ऐकत होतं.

"माझ्या."