बिबवेवाडीतली चाळीस कुटुंबं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सासरवाडीला कळलं असतं.

साथ कशी पसरेल याचं गणित मांडणाऱ्या एका प्रकल्पात मी कामाला होतो. हे गणित चालतं कशावर? माणूस दिवसभरात किती जणांना भेटतो, यावर. ते घरोघर जाऊन विचारायचं. मला बिबवेवाडी मिळाली, माझ्याबरोबरच्या सुषमाला लोणी काळभोर.

मी गेलो हो! पहिल्या दिवशी सात दारं वाजवली. सहा घरांनी "आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणून तोंडावर दार लावलं. सातव्या घरातल्या आजोबांनी आत बसवलं — आणि दीड तास मलाच प्रश्न विचारले.

मग मी काय केलं? सांगतो, घाई करू नका. घरी आलो, पंख्याखाली बसलो आणि चाळीस कुटुंबं जन्माला घातली. अगदी बेतशीर! नवरा-बायको, दोन मुलं, रोजच्या भेटी आठ ते बारा. कुणाकडे लग्न नाही, कुणाचं आजारपण नाही. आडनावं संपली तेव्हा शाळेतला हजेरीपट आठवला.

सुषमा मात्र खरोखर उन्हातान्हात फिरली. तिच्या फॉर्मांत सगळा गोंधळ. एका घरी शून्य भेटी, शेजारी साखरपुडा म्हणून तीनशे. एका मावशींनी तर भेटलेल्यांत दोन म्हशीही लिहायला लावल्या — "त्या काय परक्या हायेत व्हय?"

प्रकल्प सांभाळणाऱ्या आमच्या बाईंनी दोन्ही गठ्ठे शेजारीशेजारी ठेवले. माझे आकडे गणितात चपखल बसले, सुषमाचे कुठेच बसेनात. बाई म्हणाल्या, "अगं, घरी बसून फॉर्म भरले की असंच होतं. याच्याकडून शीक जरा."

हसू येतंय ना? मलाही आलं होतं, आतल्या आत. सुषमाने माझ्याकडे पाहिलं — निदान मी तरी तिच्या बाजूने बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खोटेपणा माझा, आणि कामावरून काढलं तिला. मी भित्रा होतो — याला दुसरा शब्द आहे का?

गेल्या महिन्यात ती रस्त्यात भेटली. आता हिंजवडीच्या एका शाळेत गणित शिकवते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "एक विचारायचं राहिलंय रे तुला. माझं तेव्हा नेमकं चुकलं कुठे? त्या फॉर्मांच्या झेरॉक्स अजून काढून बघते मी."

मी म्हणालो, "प्रश्न नीट विचारले नसतील तू."